फुगोबा, धिरडी आणि बियांचा पाव

सावरडो पावाच्या कुठल्याही व्हिडिओत एक क्षण येतोच. छान उजेडाच्या किचनमधला एक दाढीवाला माणूस बरणीतलं अर्धं पीठ चमच्याने काढतो, कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि काही झालंच नाही असा पुढे बोलत राहतो. मी हे हॉलमधे बसून बघत होतो, मागे आई शेंगा सोलत होती, तिने मान वर केली.

"काय टाकलं रे त्याने?"

"पीठ."

"किडलं होतं?"

"नाही गं, चांगलं होतं."

"मग?"

या "मग?"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आमच्या घरात पुढे जे काही रामायण झालं ते सगळं तिथूनच सुरू झालं.

तसं उत्तर आहे, अगदी हिशोबाने सांगता येण्यासारखं आहे. सावरडो म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता, पिठातच मुळात असलेल्या यीस्टला आणि बॅक्टेरियाला खाऊपिऊ घालून वाढवायचं आणि त्यावर पाव फुगवायचा. पहिल्या दिवशी 50 ग्रॅम पीठ, 50 ग्रॅम पाणी. दुसऱ्या दिवसापासून जेवढं आंबवण तेवढंच नवं पीठ आणि तेवढंच पाणी. म्हणजे काहीच टाकलं नाही तर 100 चे 300, 300 चे 900, पाचव्या दिवशी आठ किलो आणि सातव्या दिवशी 73 किलो, म्हणजे साधारण मी. हे मी आईला कागदावर लिहून दाखवलं. तिने चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाली, "मग आधीच कमी घ्यावं." यावर दाढीवाल्याकडेही काही नसणार.

बरं, आमच्याकडे उरलेलं अन्न टाकणं ही गोष्टच नाही. रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा होतो, कलिंगडाच्या सालीची भाजी होते, तुपाची बेरीसुद्धा कणकेत जाते. अशा घरात रोज शंभर ग्रॅम पीठ फेकायचं हे सांगायचीही हिंमत लागते. शेवटी तह झाला. पहिले पाच दिवस त्या बरणीत नक्की कोण राहायला आलंय याचा भरवसा नसतो, तेव्हा तेवढं कंपोस्टच्या ड्रममधे जाईल, "झाडांना तरी जातंय" म्हणून आईने ते चालवून घेतलं. सहाव्या दिवसापासूनचं सगळं फ्रीजमधे स्टीलच्या डब्यात.

आणि ते पाच दिवस फार अपमानाचे असतात हे कोणी सांगत नाही. दुसऱ्याच दिवशी पीठ भसाभस फुगलं, मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर पाठवला, लेकीने त्याचं फुगोबा असं बारसंही करून टाकलं. तिसऱ्या दिवशी मोज्यांचा वास. चौथ्या दिवशी सामसूम, वर करडं पाणी. मला वाटलं मेला. तर म्हणे ते दुसऱ्या दिवशीचं फुगणं आपल्या यीस्टचं नसतंच, भलतेच बॅक्टेरिया आधी येऊन धिंगाणा घालतात, मग पीठ आंबट होत जातं तसे ते मरतात आणि आंबटपणा सोसणारे सावकाश वर येतात. आईला हे शांतपणे समजावलं तर म्हणाली, नासलंय, एवढंच सांग ना. पण नवव्या दिवशी बरणीला लावलेलं रबरबँड ओलांडून फुगोबा पाच तासांत दुप्पट झाला, वास चक्क पिकल्या केळासारखा, आणि आईनेच मला ऑफिसात फोन करून सांगितलं, "ते वर आलंय रे तुझं."

हे आंबवण आईला फार लवकर समजलं याचं कारण विरजण. आमच्या घरातलं विरजण ती लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा शेजारणीकडून वाटीत आणलेलं, असा तिचा दावा आहे, मधे दोनदा तुटलं तेव्हा ज्यांना दिलं होतं त्यांच्याकडून परत आणलं. तिला मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बुदीन बेकरीची गोष्ट सांगितली, की 1849 पासून ते लोक एकच आंबवण चालवतायत आणि 1906 च्या भूकंपात मालकीणबाईंनी ते बादलीत घालून वाचवलं असं बेकरीवाले सांगतात. "दागिने राहू दिले?" एवढंच तिने विचारलं, पण कौतुकाने. त्या शहराच्या नावावरून एका बॅक्टेरियाला नाव दिलंय, पुढे तो जगभरच्या आंबवणांत सापडला. म्हणजे आपल्याकडे कसं, एखादा पदार्थ एका गावाच्या नावाने प्रसिद्ध होतो आणि घरोघरी होतच असतो.

पावाबद्दल मात्र आईला जुनी अढी आहे. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी आजी म्हणायची की पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, घरात आणू नका. खरं तर तो शब्द पोर्तुगीजांचा, पायाचा काही संबंध नाही, पण आजीला कोण सांगणार. गोव्यात पूर्वी पोदेर, म्हणजे पाववाले, माडाचा सूर, म्हणजे माडी, घालून पाव फुगवायचे, ताज्या सुरात जिवंत यीस्ट असतंच. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या आजीचं कारण चुकलं, पण म्हणणं बरोबर होतं."

असो. पावावर येतो.

माझं प्रमाण असं: 400 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम गिरणीतून आणलेलं गव्हाचं पीठ, 350 ग्रॅम पाणी, 100 ग्रॅम फुगोबा, 10 ग्रॅम मीठ. सगळंच गव्हाचं घ्यावं असं मलाही वाटायचं, हेल्दी वगैरे, पण गिरणीत पीठ इतकं बारीक आणि गरम दळलं जातं की ते पोळीला उत्तम, भरपूर पाणी पितं, पोळी मऊ राहते, पावात मात्र तेच चिकट होऊन बसतं. आणि बिया 100 ग्रॅम. खरं सांगू तर पाव करायचा हट्ट मी त्या बियांसाठीच धरला होता, एका कॅफेत बियांच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि बिल बघून ठरवलं की हे सगळं सामान तर आपल्या फडताळात आहे. तीळ, जवस, सूर्यफूल, भोपळ्याच्या बिया. त्यातलं निम्मं चटणीचं आणि निम्मं मुखवासाचं.

पहिल्या वेळी बिया तशाच कोरड्या ओतल्या. जवस हा अत्यंत अप्पलपोट्या प्राणी आहे. रात्रभरात त्याने आणि बाकीच्यांनी मिळून पिठातलं पाणी ओढून घेतलं, सकाळी कणीक हाताला कडक लागली, भाजून निघाली ती वीट. म्हणजे उपमा नाही, खरंच, ओट्यावर ठेवली तर आवाज झाला. ब्रेड नाइफ वरून नुसतीच सरकत होती. आईने विळी मांडली, पाट घेतला आणि नारळ फोडायच्या चेहऱ्याने त्या पावाचे तुकडे पाडले, पाण्याचा हबका मारून कुस्करले आणि कांदा, मोहरी, हिंग, कढीपत्ता घालून फोडणीचा पाव केला. तो मात्र सगळ्यांनी दोनदा मागून घेतला, आणि बायको म्हणाली की पुढच्या वेळीही असाच बिघडव.

तेव्हापासून बिया आधी कढईत कोरड्या भाजायच्या, तीळ तडतडायला लागले की उतरवायच्या, आणि शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम पाणी घालून रात्रभर भिजवायच्या. सकाळी ते सगळं शेंबडासारखं बुळबुळीत दिसतं, जवसाचा तो चीक, बघून मन उडतं, पण तोच चीक पावात ओल धरून ठेवतो आणि तीन-चार दिवस पाव वाळत नाही. मग आईला उत्साह आला आणि तिने अळीव सुचवले. लेकुरवाळीला देतात, ताकदीचे असतात, घाल दोन चमचे. मी घातले. अळिवाने काय केलं ते सांगत नाही, फक्त एवढंच की पाऊण तास भाजूनही पाव आतून खरवसासारखा थरथरत होता. कारळे मात्र तिने सुचवलेले अफाट लागले, काळे बारीक, किंचित कडवट, तेलकट खमंग. कारळ्यांना आपण चटणीपलीकडे विचारतच नाही, हा आपला दोष आहे, त्यांचा नाही.

बाकी सामानात परदेशी काही नाही. पाव रात्रभर ठेवायला जी वेताची टोपली लागते ती दिवाळीत ऑफिसातून आलेल्या सुकामेव्याची. त्यात आईच्या जुन्या सुती साडीचं फडकं, त्यावर तांदळाची पिठी. मळणं असं नाहीच, परातीत दर अर्ध्या तासाने हात ओला करून एक बाजू ओढायची आणि वर दुमडायची, चारी बाजूंनी, असं चार वेळा. पहिल्यांदा चिखल असतो, चौथ्यांदा तेच तळहातावर गालासारखं मऊ बसतं. मे महिन्यात पुण्यात अडतीस डिग्रीला हे फुगायला चार तास पुरतात, एकदा मी मीटिंगमधे अडकलो आणि पीठ परातीतून ओट्यावर आलं. जानेवारीत तेच रात्रभर हलत नाही, मग लेक त्याला शाल गुंडाळते.

आकार दिला की ओल्या फडक्यावरून फिरवून बियांच्या ताटात लोळवायचा, टोपलीत उलटा ठेवून रात्रभर फ्रीजमधे. सकाळी बिडाची कढई आणि वर झाकायला बिडाचाच तवा ओव्हनमधे 250 वर पाऊण तास तापवायचा. ओव्हनच्या विजेच्या बिलाबद्दल घरात बोलत नाहीत, म्हणजे माझ्यासमोर. पावावर ब्लेडने चीर द्यायची, साध्या पावावर ती सर्रकन जाते पण बियांच्या अंगावर भोपळ्याची बी हमखास आडवी येते आणि चीर तिथे वळण घेते, माझ्या एकाही पावावरची चीर सरळ नाही. झाकून वीस मिनिटं, त्याचीच वाफ त्याला आत कोंडून मिळाली पाहिजे, नाहीतर वरचं साल आधी कडक होतं आणि फुगायला जागा राहत नाही. मग झाकण काढून 230 वर अजून वीस-बावीस.

आणि मग तो बाहेर काढल्यावर बोलतो. जाळीवर ठेवला की गार होताना वरच्या कवचाला बारीक तडे जात राहतात, तड्, तड्तड्, अगदी हलके, पंखा बंद केला तरच ऐकू येतात. लेक ओट्याला कान लावून उभी राहते. घरभर भाजल्या तिळाचा वास, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा. या वेळी पाव कापायचा नाही असा नियम आहे, किमान तासभर, कारण आत अजून शिजणं चालू असतं आणि घाई केली तर चिकट लगदा होतो. आमच्याकडे हा नियम आजवर एकदाच पाळला गेलाय, लाइट गेले होते आणि सुरी सापडत नव्हती तेव्हा.

पण पाव आठवड्यातून एक. फ्रीजमधला स्टीलचा डबा रोज. त्याची धिरडी होतात, त्यात थोडं बेसन, आलं-मिरची, जिरं, कोथिंबीर, आणि आंबवण आधीच आंबट असल्यामुळे ताक लागत नाही, कडेला जाळी पडते ती अशी की रव्याच्या डोशाने बघत राहावं. थालीपिठाच्या भाजणीत जातं. भज्यांच्या पिठात एक पळी घातलं तर भजी कुरकुरीत होतात हा आईचा शोध. समोरच्या काकू आता वाटी घेऊन येतात, "थोडं फुगोबा द्या हो", त्यांनी अजून पाव बघितलेलाही नाही, त्यांच्यासाठी फुगोबा म्हणजे धिरड्याचं पीठ. मी कधी कामाच्या गडबडीत दोन आठवडे पाव केला नाही तरी फुगोबाला रोज वेळेवर पीठपाणी मिळत असतं, आणि ते मी देत नसतो.

गेल्या रविवारी पाव बरा जमला होता, म्हणजे कापल्यावर भोकं बऱ्यापैकी होती आणि बिया सगळीकडे सारख्या. पण बियांच्या पावाला एक खोड असते, सुरी लागली की वरच्या बिया चौफेर उडतात, पाटावर, ओट्यावर, खाली फरशीवर. फरशीवरच्या मी झाडून घेतल्या. पाटावरच्या आईने तळहाताने एकत्र केल्या, कढईला चिकटलेल्यांतल्या जळलेल्या-करपलेल्या बाजूला काढून चांगल्या खरवडून घेतल्या, त्यात दोन लसणाच्या पाकळ्या, तिखट, मीठ आणि पावाचा कडक झालेला टोकाचा तुकडा घालून खलबत्त्यात कुटलं. दोनदा भाजलेले तीळ आणि जवस, वर त्या कवचाचा आंबूस खमंगपणा. मी भाकरीबरोबर खाल्ली आणि गप्प बसलो, कारण ती पावापेक्षा चांगली होती.

आज सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "परत कधी करतोयस पाव?"

मला काय आनंद झाला सांगू. म्हटलं, रविवारी करू की, का गं?

"काही नाही, चटणी संपत आलीय."