कंप्रेसरला नवा पंप

बुधवार, रात्री

आज रंग मारायच्या हवेच्या कंप्रेसरचा पंप बदलून झाला. दोन सिलिंडरचा, पट्ट्यावर चालणारा, मोटर दोन हॉर्सपॉवरची. गेले काही महिने १६० लिटरची टाकी आठ किलो दाबापर्यंत भरायला वीस मिनिटांच्या वर जायची, शिवाय हवेबरोबर तेल यायचं. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात हे तेल म्हणजे घात. जिथं थेंब पडतो तिथं रंग धरतच नाही, गोल खळगा पडतो. मग सगळा पॅनल परत घासा.

पिस्टनच्या नुसत्या रिंगा टाकून भागलं असतं तर नवा पंप आणलाच नसता. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन बसवून देणारे हवे तेवढे आहेत. पण हेड उतरवलं तर व्हॉल्वच्या पात्यांवर काजळी बसलेली, एक पाती चिरलेली. कनेक्टिंग रॉड हातानं हलवला की खटखट वाजत होता. पिस्टन वरखाली हलवणारा दांडा, क्रँकच घासलाय म्हटल्यावर त्यात पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

पण पंपाच्याही आधी टाकी तपासून घेतली. हे मी कुणालाही सांगेन. खालचा कॉक रोज उघडला नाही तर पाणी साचतं आणि तळाचा पत्रा आतून गंजत जातो, बाहेरून रंग चकचकीत असला तरी. पाणी भरून दाब देऊन तपासली. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं पत्रा चिरला तरी पिचकारी उडून थांबतं. तेच हवा भरून बघितलं तर माणूस जायचा.

खरा वेळ गेला पुलीत. जुन्या पंपाचं चाक बारा इंची, नव्याचं दहा. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावर पाच इंची पुली. तशीच ठेवली असती तर पंप ७२० नं पळाला असता, आणि पंपाच्या पाटीवर आहेत ६००. चार इंची पुली आणली, ५७६ वर आला. पट्टा मधोमध दाबला की अर्धा इंच दबेल एवढाच ताणला.

पोरानं बटण दाबलं तर चाक उलटं. "मिस्त्री, हवा मागं चाललीय की!" त्याचं बरोबर होतं. चाकाच्या आऱ्याच पंखा असतात, त्यांचा वारा सिलिंडरवर यायला हवा, नाहीतर पंप तापून जातो. थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, सुलट झालं.

कॉक उघडा ठेवून अर्धा तास मोकळाच चालवला, रिंगा बसायला. मग टाकी भरली, आठ मिनिटांच्या आत. पंप आणि टाकीच्या मधला नॉन-रिटर्न व्हॉल्वही नवाच टाकलाय. तो गळका असला की टाकीतली हवा उलटी पंपावर येते आणि मोटरला दर वेळी भार घेऊनच उठावं लागतं.

पहिलं तेल लवकर बदलायचं, त्यात नव्या रिंगांचा चुरा उतरतो. उद्या सकाळी आधी पांढऱ्या कापडावर हवा मारून बघायची. डाग आला नाही तरच स्विफ्टचं दार रंगाला घ्यायचं.