रायटर्स बिल्डिंग: आत सोडत नाहीत, आधीच सांगतो

कोलकात्याची रायटर्स बिल्डिंग बघायला निघाला असाल तर थांबा, हे वाचा. आत सोडत नाहीत. आम्हाला हे गेटवर कळलं, तेही पंधराशे रुपये गेल्यावर.

झालं असं की बाबा आणि मी हावड्याला उतरलो. बाबा कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेत आणि जी इमारत मुळात कारकुनांसाठीच बांधली ती एकदा डोळ्यांनी बघायची असं त्यांच्या मनात कित्येक वर्षं होतं. रायटर म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून. स्टेशनबाहेर एक टॅक्सीवाला म्हणाला पाचशे, आणि आत नेणारा माणूस ओळखीचा आहे, त्याचे हजार वेगळे, 1930 ला क्रांतिकारकांचा गोळीबार झाला तो व्हरांडाच दाखवतो. बाबांचा चेहरा बघून मी हो म्हणून बसलो. जेमतेम दोन-तीन किलोमीटर अंतर, त्याला पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास, आणि तो दुसरा माणूस पैसे घेऊन "पाच मिनिटांत पास आणतो" म्हणून गेला तो गेलाच. आम्ही गेटसमोर तासभर उभे. शेवटी पोलिसाने विचारलं काय हवंय, आणि सरळ सांगितलं की बाहेरच्यांना प्रवेश नाही, इथून फोटोही काढू नका.

हावड्याहून टॅक्सी करूच नका. मेट्रो घ्या, हुगळीच्या खालून जाते आणि पुढचंच स्टेशन महाकरण. महाकरण हे रायटर्सचंच बंगाली नाव. नाहीतर फेरीबोटीने फेअर्ली घाटाला उतरा आणि चालत या. दोन्हीला किरकोळ पैसे लागतात. "आत नेतो" म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका.

आता बघायचं कसं. इमारतीची दर्शनी बाजू दक्षिणेला आहे, त्यामुळे गेटला चिकटून काही कळत नाही, लाल दिघी नावाचं तळं आहे त्याच्या पलीकडून बघा, तेव्हा ती लांबलचक लाल भिंत एकदम समोर येते. थॉमस लायनने 1777 ते 1780 मध्ये बांधली तेव्हा अगदी साधी होती, खांब आणि वरचे पुतळे नंतरचे, मधोमध मिनर्व्हा ही रोमन देवी उभी आहे. मोबाईलने नीट दिसत नाही, दुर्बीण असेल तर न्या.

समोरच बिनय, बादल, दिनेश या क्रांतिकारकांचे पुतळे आहेत. 8 डिसेंबर 1930 ला हे तिघं साहेबी कपडे घालून आत गेले आणि तुरुंगांचा इन्स्पेक्टर जनरल सिम्प्सन याला गोळ्या घातल्या, मग व्हरांड्यात पोलिसांशी लढले. बादलने तिथेच विष घेतलं, बिनय पाच दिवसांनी हॉस्पिटलात वारला, दिनेशला 7 जुलै 1931 ला फाशी. समोरच्या डलहौसी स्क्वेअर चौकाचं बी.बी.डी. बाग झालं ते या तिघांच्या नावाने. बाबा तिथे चप्पल काढून उभे राहिले.

आणि मराठी माणसाने इथे यायचं आणखी एक कारण आहे जे मला स्वतःला जायच्या आदल्या आठवड्यात कळलं. 1800 साली सुरू झालेलं फोर्ट विल्यम कॉलेज सुरुवातीची अनेक वर्षं याच इमारतीत होतं, कंपनीच्या पोरांना इथल्या भाषा शिकवायला. इंग्रज मिशनरी विल्यम केरी तिथे बंगाली आणि संस्कृतसोबत मराठीही शिकवायचा, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. त्यातून 1805 ला त्याचं मराठी व्याकरण आणि 1810 ला कोश छापला गेला, श्रीरामपूरला, म्हणजे आपलं नगरचं नव्हे, हुगळीकाठचं. पुण्यात पेशवाई चालू असताना आपल्या भाषेचं व्याकरण तिकडे छापलं जात होतं! तळ्याकाठी बसून हे बाबांना सांगितलं आणि पंधराशेचा राग तेवढ्यापुरता खरंच गेला.

स्वातंत्र्यानंतर राज्याचा कारभार इथूनच चालायचा, 2013 च्या ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी सचिवालय हावड्याला नबान्न नावाच्या इमारतीत हलवलं. अंगणांमध्ये नंतर कोंबलेले ब्लॉक पाडायचे आणि मूळ रूप परत आणायचं असं ठरलं होतं. माझं म्हणणं एवढंच की दुरुस्ती करा, पण तो एक व्हरांडा आणि केरीच्या कॉलेजसाठी एक खोली लोकांना उघडी ठेवा, नाहीतर असले हजार घेणारे उभे राहणारच.

तिथे आहात तर शेजारचं जीपीओ म्हणजे मोठं पोस्ट ऑफिस सोडू नका, पायऱ्यांवर जुन्या फोर्ट विल्यम किल्ल्याची हद्द दाखवणारी पितळी पट्टी आहे, लोक तुडवून जातात. थोडं पुढे करन्सी बिल्डिंग, 1833 ची, तिचे मधले घुमट पाडून टाकले होते तेव्हा कुठे पाडकाम थांबवलं आणि पुरातत्त्व खात्याने वाचवली. रायटर्सपेक्षा माझ्या मनाला तीच जास्त लागली.

बाकी बेलूर, दक्षिणेश्वर छान झालं. रायटर्सला रविवारी सकाळी जा, गाड्या नसतात, तळ्याकाठून निवांत दिसतं, फक्त त्या दिवशी मेट्रो उशिरा सुरू होते ती वेळ आधी बघून घ्या आणि खाऊन निघा, आजूबाजूचं ऑफिसवाल्यांचं खाणं बंद असतं.