ढालीऐवजी चित्र द्यायचं ठरलं, तर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहोत. 'महोत्सवात दिग्दर्शकाला ढाल किंवा स्मृतिचिन्ह न देता आजच्या एखाद्या चित्रकाराचं अस्सल काम द्यायचं आहे, कसं करायचं?' पुण्यात लघुपट महोत्सव भरवणारी मंडळी हा प्रश्न नेहमी विचारतात. कल्पना उत्तम आहे आणि जुनीही आहे. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात १९५४ पर्यंत 'ग्राँ प्री' हे सर्वोच्च पारितोषिक होतं आणि ते त्या काळच्या नावाजलेल्या कलाकाराच्या कलाकृतीच्या रूपात दिलं जाई. सोन्याचं ताडपान हे पारितोषिक १९५५ मध्ये आलं. न्यूयॉर्कचा ट्रायबेका महोत्सवही अनेक वर्षं विजेत्यांना समकालीन कलाकारांची कामं देत आला आहे. बर्लिन महोत्सवाचं पारितोषिक असलेलं अस्वल रेने सिंटेनिस यांनी घडवलेलं, फ्रान्सच्या सेझार चित्रपट पुरस्काराचं शिल्प सेझार बाल्दाचिनी यांचं. दोघंही शिल्पकारच, पण तिथे एकाच शिल्पाच्या प्रती दरवर्षी निघतात. तुम्हाला हवं आहे ते प्रत्येकाला वेगळं काम.

पुण्याला हे शोभूनच दिसेल. प्रभातचे दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले. कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुरातून इथे आली आणि त्या स्टुडिओच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. चित्रकार आणि सिनेमावाले इथे पहिल्यापासून एकाच घरातले.

आता कामाचं. बहुतेक जण आधी चित्र पसंत करतात आणि ते विजेत्याच्या घरी कसं पोचणार याचा विचार शेवटच्या रात्री करतात. क्रम उलटा ठेवा. विजेता साताऱ्याचा असेल तर एसटीने जाईल, बाहेरदेशीचा असेल तर विमानाने, आणि निकाल लागेपर्यंत तो कोण हे तुम्हालाही माहीत नसतं. म्हणून प्रत्येक काम विमानात हातात नेता येईल अशा मापाचं घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या बॅगेला ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची मर्यादा घालतात. ३० × ४० सेंटिमीटरचा कागद ३४ × ४४ च्या कडक फोल्डरमध्ये आरामात बसतो. त्याच चित्राला चारी बाजूंनी ६ सेंटिमीटरचा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमची २ सेंटिमीटरची पट्टी लावलीत की फ्रेम ४६ × ५६ होते आणि मर्यादेबाहेर जाते. उपाय सोपा आहे. महोत्सवात मांडायला फ्रेम करा, पण फ्रेमवाल्याला मागे खिळे ठोकू देऊ नका. फिरत्या क्लिपा लावून घ्या, म्हणजे चित्र पाच मिनिटांत बाहेर निघतं आणि गाववाल्याला फ्रेमसकट, परगावच्याला फोल्डरमध्ये देता येतं.

कागदावरची कामं आम्ही सगळ्यात आधी सुचवतो, त्यातही एचिंगची (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली) किंवा लाकडी ठशाची छापचित्रं. एकाच चित्रकाराच्या मालिकेतली आठ-दहा वेगळी चित्रं घेतलीत तर पारितोषिकांना एकसंधपणा येतो आणि कोणाला डावं-उजवं वाटत नाही.

फ्रेमच्या बाबतीत पुण्याचा पावसाळा लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतली ओल पितो. तेव्हाच फ्रेम बंद केलीत तर ती ओल आत कोंडते आणि थंडीपर्यंत काचेच्या आतून बुरशीचे ठिपके दिसू लागतात. कामं पावसाळ्यात करून घ्या, फ्रेम मात्र दसऱ्यानंतर. माउंट आम्लमुक्त मागा. साध्या पुठ्ठ्याने आणि मागे थेट लावलेल्या हार्डबोर्डने कागद काही वर्षांत पिवळा पडतो. चित्र आणि काच एकमेकांना चिकटता कामा नये, माउंटचं खरं काम ते आहे. प्रवासाला काचेऐवजी अॅक्रिलिक शीट बरी, फुटत नाही. मात्र कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर ती कधीही लावू नका. तिच्यावर स्थिर वीज साठते आणि कागदावरची भुकटी ओढली जाते. तिथे काचच हवी, आणि वाहतुकीत काचेवर मास्किंग टेपच्या फुल्या, म्हणजे तडा गेला तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत.

कॅनव्हास द्यायचा असेल तर महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी रंगवलेलं तैलचित्र स्वीकारू नका. वरून कोरडं वाटलं तरी आतून ओलं असतं. जाड थर सुकायला कित्येक महिने लागतात. अॅक्रिलिक रंगातलं चित्र लवकर सुकतं, पण उन्हात तापलेल्या गाडीत त्याचा रंग मऊ होतो. त्यावर थेट बबल रॅप गुंडाळलं की गोल गोल ठसे कायमचे उमटतात. आधी ग्लासिन कागद (गुळगुळीत, न चिकटणारा पातळ कागद), मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. गुंडाळी करायचीच झाली तर रंगाची बाजू बाहेर ठेवून निदान १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर करा. रंग आत ठेवून गुंडाळलं की थर दाबला जाऊन सुरकुततो आणि सुटतो.

शिल्प हवं असेल तर वजन आधी काढा. ब्राँझचा १० सेंटिमीटरचा भरीव ठोकळा पावणेनऊ किलोच्या आसपास भरतो, म्हणून पोकळ ओतीव करून घ्यावं लागतं आणि ओतकामाला महिने जातात. त्यापेक्षा एखाद्या शिल्पकाराने कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या कारागिरांबरोबर ठोकीव तांब्यात काम केलं तर ते हलकं होईल आणि पुण्याचंही असेल. तांब्यावर बोटांचे डाग बसतात. लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) हात द्या आणि मांडणाऱ्यांना हातमोजे द्या.

परदेशी पाठवताना अडतं ते चित्रामुळे कमी, खोक्यामुळे जास्त. कच्च्या लाकडाच्या खोक्याला आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवल्याचा आयएसपीएम १५ चा (लाकडी वेष्टनासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो, नाहीतर माल बंदरावर थांबतो. प्लायवूडला ही अट नाही. हयात कलाकाराचं काम १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली 'कलानिधी' (सरकारने जाहीर केलेली जपायची कलाकृती) ठरत नाही, त्यामुळे निर्यातीची बंदी नाही. पण जुनाट दिसणाऱ्या धातुमूर्तीवर शंका येते. ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधीच काढून ठेवा.

करार मात्र तोंडी करू नका. तयार चित्र विकत घेतलंत तर त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. पैसे देऊन मुद्दाम रंगवून घेतलंत आणि लेखी काही ठरवलं नाही, तर १९५७ च्या कायद्यानुसार तो तुमच्याकडे येतो. आमच्या मते तो चित्रकाराकडेच असावा आणि तसं एका ओळीत लिहावं. महोत्सवाच्या पुस्तिकेत आणि भित्तिपत्रकावर चित्र छापायची परवानगी त्याच कागदावर घ्या. मानधन द्या. 'प्रसिद्धी मिळेल' म्हणून फुकट चित्र मागणं अन्याय्य आहे. सोबतच्या प्रमाणपत्रावर नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी), छापचित्र असेल तर प्रतिक्रमांक (एकूण प्रतींपैकी ही कितवी), चित्राचा छोटा फोटो आणि चित्रकाराची सही हवी. किंमतही लेखी ठरवा, विम्याला ती लागतेच. फुकट मिळालेली चित्रं-शिल्पं ५० हजारांच्या वर गेली की विजेत्याच्या प्राप्तिकराचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून सीएला आधीच विचारा.

मंचावर चित्र हातात देऊ नका. दिव्यांची तिरीप काचेवर पडून फोटोत नुसता पांढरा पट्टा येतो, आणि एका हातात माइक असलेला माणूस फ्रेम वरच्या पट्टीने धरतो, ती कोपऱ्यात उघडते. चित्र बाजूला ईझलवर (चित्राच्या घोडीवर) ठेवा, मंचावर प्रमाणपत्राची फाइल द्या आणि चित्रकाराला विजेत्याशेजारी उभं करा. चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी द्या, फोटो काढून, चारी कोपरे तपासून, दोघांच्या सह्या घेऊन. विजेत्याची परवानगी असेल तर त्याचा पत्ता चित्रकाराला कळवा. पुढे प्रदर्शनासाठी चित्र उसनं मागायचं झालं तर ते कुठे आहे हे चित्रकाराला माहीत असलं पाहिजे.