हळदीच्या पेढीचं खातं

मंगळवारी दुपारी आमच्या एनओसीतल्या, म्हणजे बँकेच्या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षातल्या, मुलीने तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) लिहिलं: "सांगली शाखा. पेन्शनवाल्या आजींचं खातं उघडतं, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीचं उघडत नाही." शाखाधिकारी फोनवर जसं बोलले तसंच तिने उतरवून घेतलं होतं. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. त्याखालच्या हसऱ्या इमोजींत एक माझाही होता.

गुरुवारी सकाळी मुलुंड स्टेशनच्या पुलावर असताना अकाउंट मॅनेजरचा फोन आला. अकरा शाखा रखडल्यात, बँकेचे साहेब तापलेत आणि त्यांची एकच अट आहे, कॉलवर सीसीआयई हवा. म्हणजे मी.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: सीसीआयई ही सिस्कोची नेटवर्किंगमधली तज्ज्ञ पातळीची परीक्षा, १९९३ पासून चालू आहे. लेखी झाली की आठ तासांची लॅब. मी बंगळुरूला तिसऱ्या खेपेत सुटलो. एका खेपेची फी १६०० डॉलर, त्यामुळे दुसऱ्या खेपेनंतर आमच्या घरात डॉलरचा विषय कुणी काढत नसे. पास झालं की एक नंबर मिळतो. मला वाटलं होतं, आता खरी अवघड कामं हातात येतील. आली ती टेंडरं. कंपनीला भागीदारीचा दर्जा टिकवायला असे नंबर पगारावर दाखवावे लागतात आणि ग्राहकाला कॉलवर एक वजनदार माणूस लागतो. गेल्या वर्षभरात कन्सोल केबल (राउटरला थेट जोडायची तार) कितीदा हातात धरली ते बोटांवर मोजता येईल.

घाटकोपरहून मेट्रोत बसलो आणि ईअरफोन घालून कॉलला लागलो. तेवीस जण, त्यातले वीस म्यूटवर. डॅशबोर्ड हिरवागार, एकही पिंग ('आहेस का?' अशी चाचणीची हाक) पडत नव्हता. आदल्या शनिवार-रविवारी या शाखा एमपीएलएसवरून (टेलिकॉम कंपनीच्या खासगी जाळ्यावरून) काढून ब्रॉडबँडवर, आयपीसेक टनेलमध्ये (साध्या इंटरनेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद बोगद्यात) घातल्या होत्या.

चकाल्याला उतरेपर्यंत माझं निदान तयार होतं: असिमेट्रिक राउटिंग. दोन डेटा सेंटर, मध्ये रस्ते ठरवणारा बीजीपी, जायचा रस्ता एक आणि यायचा दुसरा, त्यामुळे फायरवॉलला सेशन अर्धंच दिसत असणार. फार देखणं निदान होतं. चार तास मी त्याच्या मागे होतो. बीजीपीचं लोकल प्रेफरन्स, एएस पाथ, कम्युनिटी, सगळं उलगडून पाहिलं. जाता-येता रस्ता एकच निघाला. लॅबच्या तयारीत वर्षानुवर्षं मुद्दाम गुंतवलेली कोडी सोडवली की डोक्याला तीच चटक लागते.

दीड वाजता डबा उघडला आणि दुसऱ्या हाताने त्या मुलीचं मूळ तिकीट. स्क्रीनशॉटमध्ये कापली गेलेली दुसरी ओळ तिथे होती: "डीएफ लावून पिंग केलं. १३७२ जातं, १३७३ जात नाही."

घास हातातच राहिला. डीएफ म्हणजे पॅकेटवरची 'तुकडे करू नका' ही खूण, आणि आकडे बाइटचे. १३७२ मध्ये हेडरचे २८ मिळवा, बरोबर १४०० होतात.

इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचं असू शकतं. टनेल त्यावर आपली वेष्टनं चढवतो, म्हणून आत १४००च मावतील असं आम्हीच ठरवलं होतं. मोठ्या पॅकेटवर 'तुकडे करू नका' अशी खूण असेल तर राउटरने ते टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीने (नेटवर्कमधल्या निरोपांची पद्धत, पिंगही त्यातलंच) कळवायचं की बाबा, १४००चं पाठव. १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमपत्रात हे स्वच्छ लिहिलंय. डेटा सेंटरमधला आमचा राउटर इमानेइतबारे कळवत होता. पण सर्व्हरच्या पुढ्यातल्या फायरवॉलवर ऑडिटच्या एका शेऱ्यापायी सगळं आयसीएमपी बंद केलेलं. चालू ठेवलं ते फक्त पिंग, म्हणजे डॅशबोर्ड हिरवा राहतो! आयसीएमपी म्हणजे धोका, एवढंच पाठ करून आलेल्या लोकांनी अर्ध्या मुंबईच्या फायरवॉलींची ही गत करून ठेवलीय. 'टाइप ३ कोड ४ तेवढं उघडा', म्हणजे हा एवढा एक निरोप जाऊ द्या, ही माझी विनंती अजून सिक्युरिटीकडे पडून आहे.

आता आजी आणि पेढी. बँकेचं सॉफ्टवेअर जुनं, काळ्या पडद्याचं: ८० अक्षरं गुणिले २४ ओळी, पडदा गच्च भरला तर १९२० अक्षरं. आजींच्या खात्यात पेन्शन जमा आणि दोनदा काढलेले पैसे. चार ओळी, छोटं पॅकेट, सुखरूप पोचतं. पेढीच्या खात्यात नोंदींची रांग, पहिलंच पॅकेट १५००चं, आणि पडदा गोठतो. शाखाधिकाऱ्यांनी त्रास नेमका सांगितला होता, आम्हाला तो विनोद वाटला.

सर्व्हरच्या बाजूचं कॅप्चर (ये-जा करणाऱ्या पॅकेटांची नोंद) पाहिलं. तेच पॅकेट पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीच्या दुप्पट वेळ थांबून. पोच कधीच नाही. टनेलवर एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा) १३६० ला बांधला, अकरा ठिकाणी एकेक ओळ. हा आकडा जोडणी होतानाच ठरतो, म्हणून शाखांना लॉगआउट करून परत यायला सांगितलं. अडीच वाजता सांगलीहून फोन आला, पेढीचं खातं उघडलं.

कॉलवर मी 'एमटीयू' (पॅकेटची कमाल लांबी) म्हटल्यावर कुणी पुरावासुद्धा मागितला नाही. तिने तेच लिहिलं तेव्हा लेव्हल टूने, म्हणजे तिच्या वरच्या टीमने, 'पिंग ओके, युजर साइड' (दोष वापरणाऱ्याकडे) असा शेरा मारून तिकीट बंद केलं होतं. त्या लेव्हल टूवर मी कितीही चिडलो तरी इमोजी माझाच होता.

आरसीएमध्ये, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाच्या अहवालात, 'दोष कोणी शोधला' असा रकाना असतो. मी तिचं नाव घातलं. फाइल परत आली तेव्हा तिथे माझं नाव आणि पुढे नंबर. अकाउंट मॅनेजरला फोन केला.

"अरे, तिचं नाव दिलं की तारीख द्यावी लागते," ते म्हणाले. "मंगळवारी आपल्याला कळलं होतं असं लेखी दिलं तर दोन दिवसांचा दंड कोण भरणार? आणि बंद कोणी केलं तेही विचारतील. तिलाही त्रासच होईल."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासाठी टाकलं होतं, हे मला कळतं. ते अगदीच खोटं नाही, हेही कळतं.

काल तिचा मेसेज आला: "सर, माझं मंगळवारचं तिकीट युजर साइड म्हणून बंद आहे. रीओपन करून शेरा दुरुस्त करू का? अप्रेझलला दाखवता येईल."

मी वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असणार. आरसीए उद्या सकाळी जायचा आहे. तिला अजून उत्तर लिहिलेलं नाही.