शार्कचा अर्ज आणि कलम ६(३)

देशाचा शार्कसाठीचा आराखडा कुठे अडलाय, हा प्रश्न मला पडला तो प्राणिशास्त्र शिकवतो म्हणून, नाहीतर जळगावात शार्कचं कुणाला काय पडलंय! त्यासाठी केलेल्या माहिती अधिकाराच्या अर्जाचं पत्र घेऊन आलेला पोस्टमन पाकिटावरचा विषय वाचून हसला, "सर, आठे समिंदर कोठे शे?" नसेना का. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला फॉर्मॅलिनचा वास सहन करत ज्या मुशीची (लहान शार्कची) चिरफाड केली, ती काही गिरणेत सापडलेली नव्हती.

१९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ठरलं, की देशांनी २००१ पर्यंत शार्कच्या संवर्धनासाठी आपापला राष्ट्रीय आराखडा करावा. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा आराखड्यासाठी मार्गदर्शिका काढली. पुढे सरकारदरबारी तिचं काय झालं, ते कागद मला हवे होते. माहिती अधिकारात अर्ज टाकला. इथवर सगळं सुरळीत.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. पहिल्या कार्यालयाचं (नाव घेत नाही) एका ओळीचं पत्र आलं: 'विषय आमच्याशी संबंधित नाही, कलम ६(३) नुसार अर्ज वर्ग केला आहे.' दुसऱ्याचंही तेच, फक्त शिक्का वेगळा. खालची सही तर फोटोकॉपीतली वाटावी इतकी पुसट. कलम ६(३) म्हणजे ज्याचा विषय त्या कार्यालयाकडे अर्ज पाठवणं. यातली मेख अशी की अर्ज वर्ग झाला की उत्तराचे ३० दिवस नव्याने मोजायचे. म्हणजे कुणीच मुदत मोडत नाही आणि आपण मात्र तिथेच. फोन केला तर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. तिसरं पत्र उघडताना माझा पारा इतका चढला होता, की बायकोने ते हातातून काढून स्वतःच वाचलं.

खरं तर या कार्यालयांचंही थोडंथोडं बरोबर होतं. व्हेल शार्कसारख्या संरक्षित जाती वन्यजीव कायद्याच्या यादीत, म्हणून तो विषय पर्यावरणाचा. बाकीची मासेमारी मत्स्यव्यवसायाची. त्यातही १२ सागरी मैलांपर्यंत राज्य, पलीकडे केंद्र. एकच मासा, तीन दारं. आराखडा कुठे अडतो ते कळायला मला उत्तराचीही गरज उरली नाही. वर्ग केलेल्या पत्रांनीच सांगितलं.

म्हणून पहिल्या दिवसापासून अर्ज वेगवेगळे करा. संरक्षित जातींचा एकीकडे, मासेमारीचा दुसरीकडे, राज्याच्या पाण्याचा तिसरीकडे. आणि 'का केलं नाही' असं विचारू नका, 'बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्या' असं लिहा. नाहीतर 'कारणं देणं बंधनकारक नाही' हे ठरलेलं उत्तर तयारच असतं.

कोंडी फुटली ती पहिल्या अपिलाने, म्हणजे कलम १९(१) खाली त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे दाद मागून. केंद्रात त्याला फी नाही, महाराष्ट्रात २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अपील गेल्यावर एकदाचा गठ्ठा आला: पर (पोहण्याचे पंख) अंगाला जोडलेले असतानाच शार्क किनाऱ्यावर आणण्याचं २०१३ चं धोरण, परांच्या निर्यातबंदीची २०१५ ची अधिसूचना आणि थोडा पत्रव्यवहार. इतिवृत्तं अजून नाहीत, माहिती आयोगाकडे दुसरं अपील करतोय. पण गठ्ठा हातात आल्यावर मी स्टाफरूममध्ये तो मुद्दाम सगळ्यांसमोर उघडला, हे कबूल.

हो, सांगायचं राहिलं. पोस्टाने अर्ज करणार असाल तर केंद्राला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. आणि आलेली पाकिटं फेकू नका. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं असतं आणि तारीख पत्रावरची नव्हे, टपालाच्या शिक्क्यावरची कामाला येते.