ओल्ड वॉर्डनमधली आकाशातली ऊ

लंडनहून रेल्वेने बिगल्सवेडला उतरून ओल्ड वॉर्डनला गेलो, तो एकाच विमानासाठी. बेडफर्डशरमधल्या या लहानशा गावी, गवताच्या धावपट्टीलगत, शटलवर्थ या जुन्या विमानांच्या संग्रहाची हँगर आहेत. अजूनही उडू शकणारे १९०९ सालचे ब्लेरियो विमान तिथेच असल्यामुळे साहजिकच बहुतेकांची पावले तिकडे वळतात. मी मात्र ‘जी-एईबीबी’ अशी नोंदणीची अक्षरे असलेल्या, मोटारगाडीहूनही आखूड अशा एचएम-१४ या विमानापुढे कितीतरी वेळ उभा होतो.

आंरी मिन्ये या हौशी फ्रेंच माणसाने हे विमान स्वतःच्या कल्पनेने आखले आणि सप्टेंबर १९३३ मध्ये उडवले. त्याने त्याला ‘आकाशातली ऊ’ असे नाव दिले. इंग्रजांनी त्या उवेची ‘उडती पिसू’ केली. रूढ पद्धतीचे विमान हातापायांचा मेळ घालून चालवणे त्याला स्वतःला साधत नव्हते, म्हणून त्याने पायाची पेडल आणि पंखांवरच्या हलत्या पट्ट्या काढूनच टाकल्या. एकामागे एक असे दोन पंख, त्यांतला पुढचा पंख दांडा ओढला की कलणारा, आणि तोच दांडा डावी-उजवीकडे नेला की वळणारे मोठे सुकाणू, एवढ्यावर सारे नियंत्रण. खोके ठोकता येणाऱ्या कोणालाही हे विमान बांधता येईल, असा त्याचा विश्वास होता. १९३४ मध्ये त्याने बांधणीची कृती पुस्तकरूपाने दिली, ऑगस्ट १९३५ मध्ये स्वतः इंग्लिश खाडी ओलांडली, आणि ब्रिटनमध्ये घराघरांतून लाकूड, कापड आणि मोटरसायकलची इंजिने गोळा होऊ लागली. सामान्य मिळकतीच्या माणसालाही आकाश खुले असावे, ही त्याची तळमळ मला आजही फार मोलाची वाटते.

पण मी बाजूला जाऊन पाहत होतो ती दोन पंखांमधली फट. विमान नाक खाली करून सूर मारू लागले की चालक दांडा मागे ओढणार. त्याने पुढच्या पंखाची मागची कड खाली येऊन मागच्या पंखाच्या अगदी जवळ जाते, फटीतून हवा वेगाने वाहते, मागच्या पंखाची उचल वाढते आणि शेपूट वर ढकलली जाऊन नाक आणखीच खाली जाते. म्हणजे जीव वाचवण्यासाठी केलेली कृतीच घात करत होती, आणि ती करणाऱ्याला त्याचे कारण कळणेही शक्य नव्हते. जीवघेणे अपघात होऊ लागल्यावर फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात पूर्णाकृती विमान वातबोगद्यात, म्हणजे वेगाने हवा सोडलेल्या बोगद्यात, तपासले गेले, तेव्हा कुठे हा दोष उलगडला.

मिन्येने पुढे पंखांची रचना बदलली, आणि त्या वंशातली विमाने फ्रान्समध्ये आजही उडतात. ब्रिटनमधली लाट मात्र १९३६ नंतर ओसरली. ओल्ड वॉर्डनची ही पिसू उडवली जात नाही, आणि ते मला योग्यच वाटते.