दीडदमडीचे शब्द

जेवणानंतरच्या सुस्तीत करून पाहण्यासारखा एक खेळ आहे. 'फिनिश्ड फाइल्स आर द रिझल्ट ऑफ इयर्स ऑफ सायंटिफिक स्टडी कम्बाइन्ड विथ द एक्स्पीरियन्स ऑफ इयर्स' हे वाक्य रोमन लिपीत कागदावर लिहायचं आणि शेजारच्याला विचारायचं, यात 'एफ' हे अक्षर किती वेळा आलंय? बहुतेक जण तीन म्हणतात: फिनिश्ड, फाइल्स, सायंटिफिक. खरं उत्तर सहा. उरलेले तीन एफ तीन 'ऑफ'मध्ये बसलेले असतात. तिथे एफचा उच्चार 'व्ह' होतो, म्हणून कान फसतो. आणि डोळा तर असल्या दीडदमडीच्या शब्दांवर टेकतच नाही. वाचताना तो उड्या मारत जातो आणि 'ऑफ', 'द', 'टू' यांच्यावरून सरळ पलीकडे पडतो.

तेच डोळे घेऊन आपण इंग्रजीच्या परीक्षेत आर्टिकल (ए, ॲन, द) आणि प्रिपोझिशन (ऑफ, टू, विथ असले नामाआधीचे छोटे शब्द) यांच्या चुका शोधायला बसतो! वाक्याचे तुकडे पाडलेले, शेवटचा पर्याय 'नो एरर', आणि तीनदा वाचूनही सगळं गुळगुळीत. असणारच. आपण स्वतः जी चूक केली असती, ती आपल्याला खटकणार कशी?

मग उलटा उपाय करावा. संशयित वाक्याचं मनातल्या मनात मराठी करायचं, आणि ते शब्दाला शब्द लावून फारच बिनबोभाट झालं, तर तिथेच थांबायचं. कारण इंग्रजी शब्दांच्या मागे आपले प्रत्यय चोरपावलांनी येतात. 'तिच्याशी लग्न झालं' यातला 'शी' उचलून 'मॅरीड विथ' होतं. तिथे 'टू' हवं. 'त्याच्यावर चिडली' यातल्या 'वर'मुळे 'अँग्री ऑन हिम' होतं, हवं 'विथ'. 'पासून' तर पक्का घरभेद्या. दोन वाजल्यापासून थांबलोय आणि दोन तासांपासून थांबलोय, दोन्हीकडे मराठीला एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत घड्याळातला क्षण असेल तर 'सिन्स', मोजलेला काळ असेल तर 'फॉर'. 'सिन्स टू अवर्स' ही अस्सल मराठमोळी चूक आहे.

काही क्रियापदांना मात्र पुढे काहीच नको असतं, आणि रिकामी जागा आपल्याला बघवत नाही. 'डिस्कस अबाउट', 'एंटर इन द रूम', 'एम्फसाइज ऑन', 'ऑर्डर फॉर टू बुक्स'. यात सगळा दोष मराठीचा नाही. ही क्रियापदं नाम झाली की त्यांना प्रिपोझिशन खरोखरच लागतं: डिस्कशन अबाउट, एंट्री इनटू, एम्फसिस ऑन, ॲन ऑर्डर फॉर. नामाचं शेपूट क्रियापदाला चिकटतं, इतकंच. म्हणून चूक शोधताना आधी हे बघावं, की हा शब्द इथे नाम आहे की क्रियापद. निम्मी वाक्यं तिथेच सुटतात.

उलट प्रकार म्हणजे गळालेलं शेपूट. 'आय नीड ए चेअर टू सिट.' बसायला खुर्ची. मराठीत काही कमी नाही. पण हेच वाक्य फिरवून बघा: 'सिट ए चेअर' होतं का? नाही, 'सिट ऑन ए चेअर'. मग तो 'ऑन' शेवटी यायलाच हवा. आणि 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू', अर्ध्या ई-मेलांचा शेवट. 'टू'नंतर एखादं नाम ठेवून बघायचं. 'लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडे' चालतं, म्हणजे हा 'टू' प्रिपोझिशन आहे आणि पुढे 'मीटिंग' हवं. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर ही लॅटिनमधून आलेली मंडळी. त्यांना 'दॅन' चालत नाही, 'टू'च लागतो. पाठ करा, सोडून द्या.

आर्टिकलांचं दुखणं वेगळं, कारण मराठीत ती मुळी नाहीतच. 'ए' की 'ॲन' हा त्यातला सर्वांत सोपा भाग. अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. ॲन आवर, ए युनिव्हर्सिटी, ॲन एक्स-रे, ॲन एसएमएस, ए वन-वे स्ट्रीट. गंमत अशी, की आपल्याला 'ॲन' हा अपवाद वाटतो, पण मूळचा तोच. 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून 'वन' आणि 'ॲन' दोन्ही निघाले. पुढे व्यंजनाआधी 'न' गळाला आणि 'ए' उरला. हा 'न' इतका सैल होता, की लोकांना तो कुणाचा हेच कळेना. 'ए नॅप्रन'चं झालं 'ॲन एप्रन'. क्रिकेटमधल्या अंपायरचा शब्दही आधी 'न'नेच सुरू व्हायचा. अर्थ होता, जो कुणाच्या जोडीचा नाही तो, म्हणजे तिसरा. त्याचा 'न' आर्टिकलने पळवला. 'निकनेम'ला उलट फुकटात मिळाला. तो आधी 'ॲन एकनेम' होता. शेकडो वर्षांपूर्वीच्या या चुका आता शब्दकोशात मानाने बसल्यात.

खरी चूक बहुधा मोजण्यात असते. आपण सल्ले मोजतो, बातम्या मोजतो, म्हणून 'ॲन ॲडव्हाइस' आणि 'ए गुड न्यूज' कानाला लागत नाहीत. इंग्रजी हे मोजत नाही. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशनही नाही. त्यामुळे प्रत्येक नामापाशी विचारायचं: मोजता येतं का? एकच आहे का? ऐकणाऱ्याला कुठलं ते कळलंय का? मोजता येणारं एकवचनी नाम वाक्यात उघडंबोडकं दिसलं, तर तिथे बहुतेक वेळा काहीतरी गळालेलं असतं. आणि 'फ्यू'पुढचा 'ए' तर अख्खा अर्थ फिरवतो: 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मित्र जवळजवळ नाहीतच, 'ए फ्यू फ्रेंड्स' म्हणजे आहेत चार.

लाल पेन हातात आलं की नसलेल्या चुकाही दिसू लागतात, हे एक. ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'; ब्रिटिश रुग्ण 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकन 'इन द हॉस्पिटल'. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको ही तक्रार 1672 मध्ये इंग्रज कवी ड्रायडनने केली होती. ती आजही सोवळ्यासारखी पाळणाऱ्यांपासून लांब राहावं.

गळालेल्या आर्टिकलांतलं सगळ्यात प्रसिद्ध आर्टिकल मात्र चंद्रावर आहे. जुलै 1969. 'वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड.' आर्टिकलशिवायचा 'मॅन' म्हणजे मानवजात, आणि 'मॅनकाइंड' म्हणजेही मानवजात. तेव्हा व्याकरणाने बघितलं तर मानवजातीचं तेच पाऊल आधी लहान आणि लगेच प्रचंड. आर्मस्ट्राँगचं म्हणणं होतं, की त्याला 'फॉर ए मॅन' म्हणायचं होतं. टेपवर मात्र तो 'ए' काही केल्या नीट ऐकू येत नाही. मग छापताना तो कंसात घाला, असं त्याने सुचवलं.

तर तो तिथे आहे, कंसात.